आप्पा, उंचीचं कारण पुढे करू नका

आप्पा, रामराम. आशिया कप बास्केटबॉलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात मांडतो. तुमचं म्हणणं असं: ऑगस्ट २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दात भारत गटातले तिन्ही सामने हरला, मग त्यावर एवढं लांबलचक लिहायचं कशाला? बास्केटबॉल हा ताडमाड माणसांचा खेळ, आपली पोरं त्या मापात बसत नाहीत. ऑस्ट्रेलिया आशियात कधीपासून मोडायला लागला? आणि शेवटी ठेवणीतला टोला, "आपला खान्देशले तेन्हं काय लेनंदेनं? त्यापेक्षा केळीना भाववर लिखा."

टोला आवडला. पण उंचीचं तेवढं पटत नाही, आणि भांडायचंच तर त्यावरच भांडू.

२०२३ च्या विश्वचषकात ओकिनावाला जपान आणि फिनलंड समोरासमोर आले. फिनलंडकडे लौरी मार्कानेन, सात फुटी, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला नावाजलेला खेळाडू. जपानकडे युकी कावामुरा, उंची १७२ सेंटिमीटर. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिला तर गर्दीत सापडणार नाही. त्याने २५ गुण काढले आणि जपान ९८–८८ असा जिंकला. हाच जपान २०१४ च्या शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निलंबनाखाली होता, कारण देशात दोन लीग एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या. त्या एकत्र करून २०१६ मध्ये बी लीग सुरू झाली आणि सात वर्षांत संघ पॅरिस ऑलिम्पिकला पात्र ठरला. सात वर्षांत एखाद्या देशाची उंची वाढत नाही, आप्पा.

आता आपलं बघा. उंची होती की आपल्याकडे! पंजाबात बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा, सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये एनबीएतल्या डॅलस संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ५२ व्या क्रमांकावर घेतलं, एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरला नाही आणि पुढे अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात गेला. त्याच २०१५ मध्ये आपल्या महासंघातही दोन गट पडून खरा कोण याचा वाद चालला होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तुम्ही "तिन्ही हरले" एवढ्यावर मिटवलंत. चीनकडून ६९–१०० असा सपाटून मार खाल्ला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जॉर्डनचा सामना तसा नव्हता. चाळीस मिनिटं संपली तेव्हा बरोबरी होती. पाच मिनिटांचा जादा वेळ झाला आणि आपण ८४–९१ असे हरलो. मी लिहिलं ते या पाच मिनिटांसाठी. बास्केटबॉलमध्ये बारा जण, मैदानावर पाच, आणि बदली हवी तितक्या वेळा. पाचवा फाउल झाला की खेळाडू बाहेर. चौथ्या क्वार्टरमधले संघाचे फाउल जादा वेळेतही मोजणीत राहतात, पाटी कोरी होत नाही. म्हणजे सामना जेवढा लांबतो तेवढा तो पहिल्या पाचांकडून सरकून बाकावरच्या सातव्या-आठव्या खेळाडूवर येऊन ठेपतो. तो आठवा वर्षभर कुठे आणि कोणाविरुद्ध खेळला, यावर निकाल लागतो. जॉर्डनसाठी २०२३ च्या विश्वचषकात रॉन्डे हॉलिस-जेफरसन हा एनबीए खेळलेला अमेरिकी उतरला होता. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर त्या देशाचं नागरिकत्व घेतलेला एक खेळाडू प्रत्येक संघाला चालतो. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही, त्यामुळे ती सोय आपल्याला सहजासहजी वापरता येत नाही. त्याबद्दल रडायचं कारण नाही, पण हिशेबात धरावं लागतं.

मग आपला आठवा खेळाडू वर्षभर काय करतो? नोकरी करतो. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, एखादी बँक. चांगला खेळला म्हणून विशी-बाविशीत खेळाडू कोट्यातून लागतो, आणि मग खात्याच्या संघाकडून राष्ट्रीय स्पर्धा, आंतरखात्यातल्या स्पर्धा, मधूनमधून शिबिर. मी त्याला दोष देत नाही. या नोकऱ्या नसत्या तर हा खेळ देशात केव्हाच संपला असता. रेल्वेच्या मुली वर्षानुवर्षं राष्ट्रीय स्पर्धा गाजवताहेत त्या याच जोरावर. पण नोकरी हेच ज्याचं शेवटचं स्टेशन, त्याला पस्तिसाव्या मिनिटाला दमलेल्या पायांनी खेळायची सवय कुठून लागणार? जपानच्या बी लीगमधल्या पोराला ती दर शनिवार-रविवारी लागते.

आणि इथे तुमच्या "खान्देशले काय लेनंदेनं" चं उत्तर येतं. आपल्याकडे पोरगं मैदानावर का जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दहावी-बारावीला वाढीव क्रीडागुण मिळतात म्हणून. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे म्हणून. बापाचा पहिला प्रश्न "जिंकलास का?" नसतो, "सर्टिफिकेट कोणत्या लेव्हलचं?" असा असतो. ते हातात पडलं की बूट माळ्यावर. जेद्दात जादा वेळेच्या पाच मिनिटांत जे उणं पडलं, त्याची सुरुवात चोपडा, शिरपूर, नंदुरबारच्या शाळांतूनच होते. मोठं दुखणं आणि आपलं दुखणं वेगळं नाही.

आपल्याकडचं बास्केटबॉलचं मैदान तुम्ही पाहिलं असेल, नीट बघितलं नसेल. सिमेंटचा कोबा, मधोमध भेग, भेगेत उगवलेलं गवत. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी, पण पोरं लोंबकळून लोंबकळून ती पुढे झुकलेली. जाळी नाही. जाळी नसली की लांबून मारलेला चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून, यावरच अर्धी संध्याकाळ भांडणात जाते. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळीसला टेकला की दुपारी त्या कोब्यावर पाय ठरत नाही, म्हणून कुणीतरी बिबड्या वाळत घातलेल्या असतात. पाच वाजता पोरं चेंडू घेऊन येतात आणि आजी म्हणते, अजून ओल्या आहेत. आजीचंही बरोबर, एवढी सपाट स्वच्छ जागा गल्लीत दुसरी नाही. लग्नसराईत त्याच खांबाला मांडवाची दोरी. अशा मैदानावर एखादी मुलगी डाव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन चेंडू टाकायला, शिकते तेव्हा मला तरी चीनचे शंभर गुण आठवत नाहीत.

"आपल्याला हा खेळ कधी आलाच नाही" असंही तुम्ही ओघात म्हणून गेलात. आशिया कपची ही स्पर्धा १९६० मध्ये मनिलाला सुरू झाली. १९७५ मध्ये बँकॉकला भारत चौथा आला होता आणि या खेळासाठी जीव टाकणारा फिलिपिन्स आपल्यामागे पाचवा होता. त्या पिढीतले गुलाम अब्बास मुंतसिर मुंबईच्या नागपाड्यातले, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते. गल्लीतला खेळाडू, महाराष्ट्रातला. १९८१ ची स्पर्धा तर कोलकात्यात भरली होती. तेव्हा बाकीच्या देशांचे संघही आपल्यासारखेच हौशी होते. त्यांनी व्यावसायिक लीग उभ्या केल्या, आपण कोटा उभा केला.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. त्यांच्या खंडात सामने म्हणजे ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड, पुन्हा ऑस्ट्रेलिया विरुद्ध न्यूझीलंड. म्हणून २०१७ पासून दोघांना आशियात घेतलं. फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाने हेच २००६ मध्ये केलं होतं. २०१७ पासूनचे बास्केटबॉलचे तिन्ही आशिया कप ऑस्ट्रेलियाने नेले हे खरं, पण जेद्दाची अंतिम लढत ९०–८९ सुटली, समोर सोळा वेळा जिंकलेला चीन. त्याआधी २०२२ ला जकार्तात लेबननने त्यांना ७५–७३ पर्यंत ताणलं होतं. लेबनन हा आपल्या जळगाव जिल्ह्याहूनही आकाराने लहान देश. बाहेरचा आला म्हणून स्पर्धा बिघडली, असं म्हणायला मला जागा दिसत नाही.

राहता राहिला केळीचा भाव. त्यावर लिहिणारे रावेर-यावलला बांधाबांधावर सापडतील, आणि त्यातल्या निम्म्यांचं तुमच्याशी पटत नाही हेही मला ठाऊक आहे. ते भांडण तुमचं तुम्ही मिटवा.