वाळूचा हौद करा, पण पाण्याचं आधी बघा

सोसायटीत मुलांसाठी वाळूचा हौद करा, असं एका लेखात म्हटलंय ते योग्यच. पण पुण्यात खाली काळी माती नाहीतर कातळ. खड्डा खणलात तर जुलैत त्याचं डबकं होतं, मग डास. त्यापेक्षा जमिनीवरच विटांचा फूटभर उंच कठडा बांधा, तळाशी पाणी जायला भोकं ठेवा. खाली चार इंच खडी, तिच्यावर शेडनेट, म्हणजे रोपांवर सावलीसाठी टाकतात ती जाळी, दुहेरी अंथरा (नाहीतर वाळू खडीत उतरते), वर आठ इंच वाळू. बांधकामाची क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, नको. ती टोचते आणि धूळ उडते. नदीची, चाळून धुतलेली घ्या. रात्री जाळी टाकाच, मांजरं घाण करतात. ताडपत्री नको, तिने वाळू ओली राहून कुबट वास मारते. आता कमिटीचं सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचं वेड आवरलं म्हणजे झालं!