भाड्यापेक्षा बाकीचं बोला
अनोळखी शहरात भाड्याने घर घेताना आधी भाड्यावरच घासाघीस करा असा सल्ला देतात, तो काही मला पटला नाही बुवा. मालक भाडं सहसा सोडत नाही, पण डिपॉझिट किती, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिने, मेंटेनन्स आणि रंगाचे पैसे कोणाचे यावर बऱ्यापैकी ऐकतो आणि खरे पैसे तिथेच वाचतात. मी एकदा नुसते फोटो बघून टोकन (घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम) देऊन बसलो, जाऊन बघतो तर बेडरूमला खिडकीच नाही, टोकन गेलं ते गेलंच. आता घर दोनदा बघतो, दिवसा आणि रात्री, नळ सोडून बघतो, शेजाऱ्यांना विचारतो आधीचे भाडेकरू का गेले (ब्रोकर थोडीच सांगणार). आणि हो, सामान आत न्यायच्या आधी भिंती-फरशीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, डिपॉझिट परत घेताना माझ्या तोच कामी आला.