खाणीवर 'कुठलंही झाड चालतं' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

आठ दिवसांपासून एक मेसेज फिरतोय. ब्राझीलने खाणींवर पुन्हा घनदाट जंगल उभं केलं, तुम्हीही करा, सुबाभूळ-गिरीपुष्प-निलगिरी लावा, माती टाकायची गरज नाही, पाच वर्षांत जंगल तयार, देशी झाडांच्या नादी लागू नका ती वाढतच नाहीत. मी दुर्लक्ष केलं असतं, पण परवा मामांनीच पाठवला, आणि गावामागच्या बंद खडीच्या खदानीसाठी सुबाभळीची रोपं सांगून पण ठेवलीत म्हणे! मी थांबवायला गेलो तर उत्तर काय, "झाड ते झाड शे ना भो."

नाही मामा, झाड ते झाड नसतं. आणि ज्या ब्राझीलच्या नावावर हा मेसेज चाललाय तिथे बरोबर उलटं झालंय. अॅमेझॉनच्या जंगलात त्रोम्बेटासला बॉक्साइटची मोठी खाण आहे. तिथे स्थानिक जंगलातल्या 160 जातींची झाडं तपासली, कोणतं कधी फळतं, बी कसं रुजतं, खाणीच्या जमिनीत ते झाड तगतं का, हे सगळं. पॅरोटा आणि नोल्स यांचा 1999 चा अभ्यास आहे, त्यात चार पद्धतींची तुलना केलीय आणि 70 च्या वर तिथल्याच देशी जाती एकत्र लावलेली पद्धत सगळ्यात आश्वासक ठरली. मोजक्या, लवकर वाढून लवकर मरणाऱ्या झाडांच्या भरवशावर उभं केलेलं रान मधेच अडकून पडायचा, म्हणजे पुढचं जंगल न होण्याचा धोका, हेही त्यांनीच लिहिलंय. आणि माती? खाणकामाआधी वरची माती काढून ठेवली आणि नंतर परत पसरवली, बी-मुळं सगळं त्यातच असतं. मेसेजवाल्याने नेमकं हेच गाळलं.

पाच वर्षांत जंगल वगैरे सोडा, हिरवं दिसणं आणि जंगल होणं यात फरक आहे.

एक मान्य करतो, सुबाभूळ उघड्या मुरमावरही भराभर येते आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत धरते. पण तिचं बी इतकं पडतं की दुसरं काही वर येत नाही, जगातल्या सगळ्यात वाईट 100 घुसखोर जातींच्या यादीत ती आहे. जनावरांनी जास्त खाल्ली तर त्यांचे केस गळतात. गिरीपुष्पाला तर आपल्याकडे उंदीरमारीच म्हणतात, नावातच काय ते आलं.

'देशी झाडं वाढतच नाहीत' हे वाचून मात्र खरंच संताप आला. मामा, त्याच खदानीच्या वरच्या कड्याला काळ्या दगडाच्या फटीत अंजन उभा आहे ना, मुळं खाली दगडावर लोंबतायत, उन्हाळ्यात आजोबा त्याच्या फांद्या तोडून बैलांना टाकायचे. त्याला कुणी पाणी घातलं? सावकाश वाढतो, कबूल, पण आपल्या खान्देशातल्या कोरड्या रानाचं झाडच ते आहे. अॅमेझॉनची यादी इथे चालणार नाही, पद्धत चालेल. जवळचं उरलेलं रान बघायचं आणि तिथलंच बी घ्यायचं. धावडा, पळस, खैर, हिवर, बेहडा, सालई. सालई, पांगारा तर फांदी रोवली तरी लागतात. अंजनाला चांगलं बी दरवर्षी येत नाही, तीन-चार वर्षांतून एकदा भरपूर येतं, म्हणून येईल तेव्हा गोळा करून ठेवावं लागतं.

सुबाभळीची ऑर्डर आजच रद्द करा मामा. एप्रिल-मेमधे शेंगा वाळल्या की मी येतो, गोणपाट घेऊन दोघं जाऊ त्या अंजनाखाली. आणि खदानीच्या कडेला मातीचे जुने ढीग पडलेत ते विटभट्टीवाल्याला देऊ नका, तीच माती आधी पसरवायचीय.