खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी आणि 'गंज पॉलिसीत बसत नाही' हे उत्तर

सुट्ट्या लागल्या की एक व्हिडिओ हमखास फिरतो. ओल्या वाळूत चाकं रुतलेली, लाटा बॉनेटपर्यंत आलेल्या, चारपाच जण मागून ढकलतायत आणि गाडी आणखी खाली जातेय. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. कुणी म्हणतं, 'बरी खोड मोडली.' कुणी म्हणतं, 'इन्शुरन्स असेल की, काळजी कशाला?' पहिल्यांशी मला वाद घालायचा नाही. दुसरं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात विमा कंपन्या जे करतात ते मला अजिबात पटत नाही.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर विषय तिथेच संपला, स्वतःच्या गाडीचा एक पैसाही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर 'अचानक आणि अपघाताने झालेलं नुकसान' साधारणपणे त्यात येतं. पण त्याच पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी असते: झीज, गंज, हळूहळू होणारी खराबी, यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल बिघाड. समुद्राच्या पाण्याची गंमत अशी की ते येतं अचानक आणि गाडी खातं हळूहळू. भांडणाचं मूळ हेच.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट चांगलं वीज वाहून नेतं, म्हणून वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरल्यावर नको तिथे प्रवाह सुरू होतो आणि पितळी-तांब्याच्या पिना हिरव्या पडून खलास होतात. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो क्षारातलं क्लोराइड फोडतं, आणि जिथे अॅल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे तर धातू भराभर खाल्ला जातो. पाणी सुकलं म्हणजे सुटलो असंही नाही. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या क्षारात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे गालिच्याखाली, दाराच्या पोकळीत, चासीच्या बंद पट्ट्यांत अडकलेला क्षार बाहेर ऊन असलं तरी आपलं काम चालूच ठेवतो. वरून धुतलेली गाडी दोन आठवडे झकास चालते. मग एक दिवस काच खाली जात नाही, मग एअरबॅगचा दिवा लागतो, मग अल्टरनेटर जातो.

अशा वेळी मालक विमा कंपनीकडे परत गेला की उत्तर मिळतं, 'हा गंज आहे, गंज पॉलिसीत बसत नाही.' आणि लोक ऐकून घेतात! अहो, घटना तर एकच होती ना? गाडी अमुक दिवशी अमुक लाटेत सापडली, तेव्हा पाणी सीटपर्यंत आलं, त्याची खबर दिलेली आहे, फोटो आहेत. त्यानंतर जे झालं ते त्याच घटनेचं पुढचं पान. विम्याच्या कायद्यात निकटचं कारण बघतात, म्हणजे नुकसानीमागचं खरं, प्रभावी कारण कोणतं ते. नुकसान दिसायला वेळ लागला म्हणून कारण बदलत नाही.

ऑस्ट्रेलियात भंगारात काढायच्या गाड्यांचे निकष आहेत, ते मला यात फार बोलके वाटतात. तिथे गोड्या पाण्यात बुडालेल्या गाडीसाठी निकष असा की पाणी डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंगपर्यंत आणि ४८ तासांपेक्षा जास्त वेळ असलं पाहिजे. खाऱ्या पाण्यासाठी दाराच्या उंबरठ्याच्या वर, कितीही वेळ. कितीही वेळ म्हणजे पाच मिनिटंही पुरेत. अशी गाडी पुन्हा रस्त्यासाठी नोंदवताच येत नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनी मान्यच केलंय की खारं पाणी आत शिरलं तेव्हाच गाडी संपली, बिघाड पुढे कधी दिसतात हा मुद्दाच नाही. मग इतर ठिकाणी सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासून अंदाज लिहिणारा माणूस, 'क्लीनिंग, ड्रायिंग, दोन सेन्सर बदला' असा अंदाज लिहून फाइल कशी बंद करतो? पाणी केबिनमध्ये शिरलं असेल तर स्वस्तातल्या दुरुस्तीला लगेच सही देऊ नका. टोटल लॉसचा, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून भरपाई देण्याचा, विचार का केला नाही, हे लेखी विचारा.

आता दुसरी बाजू. दर शनिवार-रविवारी लाटांच्या कडेने पाणी उडवत गाडी पळवायची, खालून कधी धुवायची नाही, आणि चार वर्षांनी सायलेन्सर गळून पडला की क्लेम टाकायचा, याला माझा पाठिंबा नाही. तो अपघात नव्हे, ती सवय आहे, आणि तिचा खर्च बाकीच्यांच्या हप्त्यातून का निघावा? दोन्हीकडे गंजाचा रंग सारखाच, तरी फरक ओळखता येतो. बुडालेल्या गाडीत हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ असते, सीटबेल्ट पूर्ण ओढला की डाग दिसतो, गालिच्याखाली बारीक वाळू सापडते. जहाजावरचा माल समुद्राच्या पाण्याने भिजला की पावसाच्या, हे बघायला सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. क्लोराइड असेल तर पांढरा साका येतो. जुनी, स्वस्त चाचणी आहे. इच्छा असली तर सगळं कळतं.

'वाजवी काळजी घेतली नाही' हे कलम मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण त्यात काहीही कोंबता येतं. भरतीचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं, मग तुम्ही गेलातच कशाला, असा युक्तिवाद होतो. वेळापत्रक असतं हे खरं. पण बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोजची वेळ पुढे सरकणार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर. शिवाय पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही; सहा तासांतल्या मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मी चढण होते. ज्याची गाडी नेमकी तेव्हा रुतली त्याच्या हातात वेळच राहत नाही. असा अंदाज चुकणं हा निष्काळजीपणा म्हणा हवं तर. पण निष्काळजीपणा झाला म्हणून विमा बाद, हे कुठून आलं? ब्रिटनचा १९०६ चा सागरी विमा कायदा बघा. त्यात झीज वगळलीय, मालाचा अंगचा दोष वगळलाय, उंदरांनी केलेलं नुकसानसुद्धा वगळलंय. विमाधारकाने मुद्दाम केलेलं गैरवर्तनही वगळलंय. पण कप्तानाच्या किंवा खलाशांच्या हलगर्जीपणामुळे संकट ओढवलं, तरी ते संकट विम्यात बसत असेल आणि करारात वेगळं काही ठरलं नसेल तर भरपाई द्यायचीय. जहाजाला जे चालतं ते गाडीला का चालू नये?

बंदीचा फलक ओलांडून गेलात, किंवा रात्रभर गाडी भरतीच्या रेषेखाली ठेवून झोपलात, तर मात्र मी कंपनीच्या बाजूने.

जागेचाही घोळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या के'गारी बेटावरचा सेव्हंटी-फाइव्ह माइल बीच कायद्याने रस्ताच आहे, वेगमर्यादेसकट. न्यूझीलंडचा नाइन्टी माइल बीचही अधिकृत महामार्ग (लांबी ८८ किलोमीटर, नाव नव्वद मैलांचं, ते सोडा). म्हणजे 'वाळूवर गेलात म्हणून ऑफ-रोड, रस्ता सोडून गेलात' हे प्रत्येक किनाऱ्याला लागू होत नाही. उलट भाड्याच्या गाडीचा करार अनेकदा वाळूवर गाडी न्यायला साफ मनाई करतो, मग सरकारने तिथे रस्ता म्हटलं असलं तरी नुकसान तुमच्याच खिशातून. भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी तो करार आधी वाचा.

आणि कृपा करून बुडालेली गाडी 'बघू, होते का' म्हणून चालू करू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तो बिघाड लाटेचा नसून तुमच्या चावीचा, असं कंपनी म्हणेल, आणि तिथे तिचं म्हणणं तोडणं कठीण. विजेवरच्या गाडीची तर गोष्टच वेगळी. २०१२ मध्ये सँडी वादळाचं समुद्राचं पाणी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरात शिरलं, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या १६ फिस्कर कर्मा (विजेवरही चालणाऱ्या हायब्रिड) गाड्या जळाल्या. आग मोठ्या बॅटरीतून लागली नव्हती, १२ व्होल्टच्या बाजूच्या एका कंट्रोल युनिटमध्ये क्षार शिरून शॉर्ट झाला होता, असं कंपनीच्या तपासात निघालं. अशी गाडी ओढून काढल्यावर घराला किंवा दुसऱ्या गाडीला खेटून लावू नका, आणि चार्जरला तर मुळीच नको.

माझी मागणी साधी आहे. खारं पाणी नकोच असेल तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर, विकण्याआधी, तसं छापा. मग किनाऱ्यावर जायचं की नाही ते घेणारा ठरवेल. छापलेलं नसेल तर 'गंज' आणि 'वाजवी काळजी' या दोन दारांतून पळू नका. संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरोधात लावायचा, हे तत्त्व न्यायालयांनी बऱ्याच ठिकाणी मान्य केलेलं आहे. तुम्हीही विमा घेताना एजंटला तोंडी विचारू नका, ईमेल करा: 'किनाऱ्यावर गाडी चालवताना समुद्राचं पाणी शिरलं तर भरपाई आहे का, आणि बिघाड सहा महिन्यांनी दिसला तर?' उत्तर येईल ते जपून ठेवा.

कुणाच्या पॉलिसीत समुद्राच्या पाण्याबद्दल स्पष्ट वाक्य असेल तर नाव-नंबर झाकून त्या कलमाचा फोटो खाली टाका. नकाराचं पत्र आलं असेल तर तेही चालेल. 'फोनवर सांगितलं' असलं काही नको, लेखी असेल तेच.