नेटवर टाकलं म्हणजे राहिलं का?

मालवणच्या धक्क्याजवळच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो दशावतारावरून. बाबलने जत्रांमधली बरीच आख्यानं फोनवर रेकॉर्ड केली आहेत. "यूट्यूबार चढवलंय, आता फोनातला काढून टाकतंय. नेटार गेला ता कधी पुसाचा नाय," तो म्हणाला. मी त्याला तिथेच थांबवलं.

मायस्पेस या ओळखीपाळखीच्या साइटवर जगभरच्या हौशी गायकांनी वर्षानुवर्षं गाणी चढवली. 2019 मध्ये कंपनीने कबूल केलं की सर्व्हर बदलताना जुना सगळा माल गेला. सुमारे 5 कोटी गाणी! त्यातली साडेचार लाखांहून अधिक परत मिळाली, तीही अभ्यासासाठी कुणीतरी आधीच उतरवून ठेवली होती म्हणून.

मंद्या बाबलच्या बाजूने उतरला. "गूगल काय बुडतला?"

बुडायची गरजच नाही. ऑर्कुट ही गप्पा-ओळखींची साइट गूगलचीच होती, ती 30 सप्टेंबर 2014 ला बंद केलं. याहूने 1999 मध्ये 3 अब्ज डॉलरहून जास्त मोजून जिओसिटीज घेतलं, म्हणजे लोकांना स्वतःची वेबपानं बनवू देणारी साइट, आणि 2009 मध्ये अमेरिकेतलं दुकान गुंडाळलं.

"त्या पानांत होता काय? हलती चित्रां नि मांजरांचे फोटो," मंद्या म्हणाला.

इथे मात्र माझा आवाज चढला. काय ठेवण्यासारखं आहे हे त्या वेळी कुणालाच कळत नसतं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत कॉफी संपली की नाही हे बघायला 1991 मध्ये भांड्यावर कॅमेरा लावला होता, 1993 मध्ये तो वेबवर आला. आज तो पहिला वेबकॅम म्हणून ओळखला जातो. जिओसिटीजची पानं आर्काइव्ह टीम नावाच्या गटाच्या स्वयंसेवकांनी बंद होण्याआधी धावपळ करून उतरवली. साध्या माणसांनी आपली पहिलीवहिली पानं कशी सजवली, हे आज त्यातच बघायला मिळतं.

आणि दशावताराचं तर लिहिलेलं काहीच नसतं. कथा ठरलेली, पण राजा आणि राक्षसाची जुगलबंदी रंगमंचावर सुचेल तशी. उद्याच्या जत्रेत तेच आख्यान वेगळं होणार. म्हणजे बाबलचं रेकॉर्डिंग हीच त्या रात्रीची एकमेव प्रत. त्यात यूट्यूब आपल्या सोयीने व्हिडिओची फाइल लहान करतं, मूळ दर्जा तिथून परत मिळेलच याची खात्री नाही. मूळ फाइल फोनातून गेली की सगळी भिस्त यूट्यूबवरच.

माझं म्हणणं सरळ होतं: एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या कुणाच्या घरी, तिसरी इंटरनेट आर्काइव्हवर. ती वेबपानं, व्हिडिओ जपून ठेवणारी 1996 पासूनची ना-नफा संस्था, तिथे फुकट चढवता येतं. पण 2024 च्या ऑक्टोबरात सायबर हल्ल्याने तीही काही दिवस बंद होती, म्हणून नुसत्या तिच्यावरही विसंबायचं नाही.

बाबलला हे पटलं. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले आबा बोलले, "नाटक कंपनीच्या मालकाक इचारलास? सगळा फुकट बघूक गावला तर नाटक कोण ठरवतलो?"

मंद्या म्हणाला, व्हिडिओ बघूनच लोक कंपनीला बोलावतात. आबांना ते मान्य नाही. मला वाटतं, प्रत ठेवणं आणि ती सगळ्यांना उघडी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आजच करायची, दुसरी मालकाला आणि नटांना विचारून. बाबलने फोनमधलं काही पुसलेलं नाही. हार्ड डिस्क कुणी आणायची यावर अजून घासाघीस चालू आहे.