विकर्णाला का वगळलंत?

पुराणातले नायक-नायिका रोजच्या जगण्यात वाट कशी दाखवतात, हे सांगताना तुमच्या लेखात अर्जुन, कर्ण आणि द्रौपदी आले, ते योग्यच. पण द्यूतसभेचा प्रसंग घेऊनही विकर्णाचा उल्लेख नाही, याची चुटपुट लागली. द्रौपदीचा प्रश्न नेमका होता: युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? भीष्म 'धर्माची गती सूक्ष्म आहे' म्हणून थांबले, द्रोण गप्प राहिले. विदुराखेरीज उघड बोलला तो दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही, असं विकर्णाने भर सभेत सांगितलं. कर्णाने त्याला पोरकट ठरवून झिडकारलं. (तोच कर्ण, ज्याच्या दातृत्वाचे आपण गोडवे गातो!) पुढे विकर्ण कौरवांकडूनच लढला आणि 14व्या दिवशी भीमाच्या हातून मेला. भीमालाही त्याचं वाईट वाटलं.

धनुष्य पेलायची वेळ आपल्यावर येत नाही. आपल्याच माणसांच्या बैठकीत, वडीलधारे मान खाली घालून बसलेले असताना, 'हे चूक आहे' म्हणायची वेळ मात्र येतेच येते. मुलांना महाभारत सांगताना मी या वादावर मुद्दाम थांबते. द्रौपदीच्या प्रश्नाचं उत्तर ती आपणहून शोधू लागतात.