ग्लोबल हेल्थमधल्या पीएचडीचा ‘साठ लाखवाला’ फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊन बोलू

नागपूरच्या मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, डेंटल अशा सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला आहे, तुम्हालाही आला असेलच. नसेल आला तर थोडक्यात असा: परदेशात ग्लोबल हेल्थमध्ये (म्हणजे देशोदेशीच्या लोकांच्या आरोग्याचा अभ्यास) पीएचडी करायची तर एमबीबीएस लागतंच, साठ-सत्तर लाख घरचे लागतात, आधी ॲडमिशन पक्की करा पैशाचं मागून बघता येतं, नाहीच जमलं तर अमेरिकेची फुलब्राइट नाहीतर ब्रिटनची चेव्हनिंग स्कॉलरशिप आहेच, आणि भारतातली पीएचडी म्हणजे पाच वर्षं पाण्यात. खाली ‘जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोचवा’. लोकांनी पोचवलाही, राजेहो. आता माझ्याकडे दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं की ताई हे खरं आहे का, म्हणून एकदाच लिहून टाकते.

‘एमबीबीएस लागतंच.’ नाही लागत. काही जागा डॉक्टरांसाठीच असतात, तसं जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं. बाकी ठिकाणी स्टॅटिस्टिक्सवाले, इकॉनॉमिक्सवाले, नर्सिंग, बीडीएस, बीएएमएस, सोशल वर्क, सगळे असतात. खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे मास्टर्स. स्वीडनमध्ये साधारण नियम असा की मास्टर्स पाहिजे किंवा २४० क्रेडिट्स (म्हणजे चार वर्षांचा अभ्यास) पूर्ण पाहिजेत आणि त्यातले निदान ६० मास्टर्सच्या पातळीचे, म्हणजे तीन वर्षांच्या बीएस्सीवर थेट उडी नाही मारता येत. आणि फील्डचा अनुभव लागतो, तो तर आपल्या दारात पडलाय. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, २०१७ साली यवतमाळला फवारणीतून झालेली विषबाधा आहे, मे महिन्यातलं तापलेलं नागपूर आहे. इथल्याच लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ग्लोबल नेटवर्कमध्ये माता-बाल आरोग्यावर कित्येक वर्षं काम केलंय, असल्या प्रोजेक्टमध्ये दोन वर्षं डेटा सांभाळलेल्या माणसाचा अर्ज कमिटी नीट वाचते. जाता जाता एक, गडचिरोलीचं घरोघरी नवजात बालसेवेचं काम १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, ते करणारे अभय आणि राणी बंग दोघंही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सहून एमपीएच (पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स) करून आलेले, पीएचडी नव्हे. तेव्हा पीएचडी खरंच पाहिजे का हेही एकदा बघा.

‘साठ-सत्तर लाख घरचे.’ हाच तो अर्धा खरा मुद्दा, म्हणून इथे जरा थांबते.

अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये दोन डॉक्टरेट असतात, पीएचडी आणि डीआरपीएच. डीआरपीएच ही नोकरीतल्या, नेतृत्वाच्या कामाच्या लोकांसाठीची डिग्री, आणि ती बहुतेक जण स्वतःच्या पैशाने करतात. फॉरवर्डवाल्याने आकडा बहुधा तिथला उचललाय. चांगल्या विद्यापीठातल्या पीएचडीला सहसा फी माफ, वर महिन्याचा स्टायपेंड आणि हेल्थ इन्शुरन्स, बदल्यात शिकवायचं नाहीतर कोणाच्या तरी ग्रँटवर (संशोधनाच्या निधीवर) काम करायचं. सहसा म्हणतेय हां, कारण पब्लिक हेल्थच्या कॉलेजांमध्ये सगळीकडे सारखं नसतं, कुठे पाच वर्षांची हमी देतात कुठे पहिल्या दोनचीच, ते ऑफर लेटरमध्ये शब्दन् शब्द वाचायचं. आणि २०२५ पासून तिकडची हवा बिघडलीय हेही खरं, परदेशी मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्था गुंडाळली, एनआयएचच्या ग्रँट कापल्या, कित्येक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या. पण त्याचा अर्थ जागा कमी झाल्या असा होतो, तुमच्या बाबांनी प्लॉट विकावा असा होत नाही.

स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्समध्ये तर पीएचडी ही बहुतेक वेळा सरळ नोकरीच असते. करार होतो, पगार मिळतो, त्यावर टॅक्स कापतात, रजा मिळते, फी शून्य. स्वीडनमधली कॅरोलिन्स्का, उमेओ आणि नॉर्वेमधलं बर्गेन यांच्या जागा विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पानावर वर्षभर कधीही निघतात, आणि आपली पोरं ॲडमिशनचं पान रिफ्रेश करत बसतात! जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पोटापाण्याचं मात्र प्रोजेक्टच्या पोस्टवरून नाहीतर डाड (DAAD) या जर्मन संस्थेच्या स्कॉलरशिपवरून जमवावं लागतं.

घरचे पैसे लागतात ते मुख्यतः ब्रिटनमध्ये. तिथे ऑफर वेगळी आणि पैसा वेगळा. परदेशी विद्यार्थ्याला फी जास्त, यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या पैशातून चालणाऱ्या जागांमध्ये परदेशी विद्यार्थी ३० टक्क्यांपर्यंतच घेता येतात, स्टायपेंड २०२५-२६ साठी वर्षाला किमान २०,७८० पौंड. शिवाय फॉरवर्डमध्ये नसलेला एक खर्च सांगते, व्हिसाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरावा लागतो, म्हणजे चार वर्षांचे तीन हजार पौंडांच्या वर. ‘फुल्ली फंडेड’ ऐकून नाचण्याआधी हे त्यात धरलंय का ते मेल करून विचारा. नसेल तर साडेतीन लाखांच्या वर रुपये तिकिटाच्याही आधी जातात.

‘आधी ॲडमिशन, पैशाचं मागून.’ याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. अमेरिकेची शेवटची तारीख साधारण डिसेंबरात असते आणि पैशाचा निर्णय त्याच अर्जावर होतो. केंब्रिजची गेट्स स्कॉलरशिप कोर्सच्या अर्जातच मागायची असते, तारीख कोर्सप्रमाणे डिसेंबरची सुरुवात नाहीतर जानेवारीची सुरुवात. ती गेली तरी कोर्स बरेचदा उघडाच असतो. मग मार्चमध्ये अर्ज, मे महिन्यात ऑफर, ऑफरचा फोटो स्टेटसला, धरमपेठेतल्या मावशीपासून सगळ्यांचे अभिनंदनाचे मेसेज, आणि जूनमध्ये पोरगी बँकेत गॅरंटर शोधून राहिली, कारण स्कॉलरशिपा डिसेंबरातच संपल्या होत्या.

याला अपवाद आपल्या सरकारी योजना. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती (अनुसूचित जाती आणि नवबौद्ध, वर्षाला ७५ जागा) आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप (१२५ जागा, वय ३५ च्या आत, उत्पन्न आठ लाखांच्या आत), या दोन्हींत ऑफर लेटर हातात लागतं आणि क्यूएस या जागतिक यादीतल्या विद्यापीठाच्या रँकिंगची अट असते. म्हणजे इथे फॉरवर्डचा क्रम बरोबर निघाला, पण तो ज्याच्यासाठी बरोबर आहे त्याला कोणी ही योजनाच सांगत नाही! उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी वगैरे डिसेंबरातच काढून ठेवा, तहसीलला कसा वेळ लागतो ते मी काय सांगू.

‘फुलब्राइट, चेव्हनिंग आहेच.’ चेव्हनिंग एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, पीएचडीला देत नाहीत, विषय संपला. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप आहे, पण ती भारतात पीएचडीला आधीच रजिस्टर झालेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत जाऊन काम करायला मिळते. म्हणजे ज्या भारतातल्या पीएचडीला हा मेसेज पाण्यात म्हणतो, तिच्याशिवाय ही मिळतच नाही.

आणि पाण्यात का म्हणे? जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीच्या वर्षांची सरकारी फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, एसआरएफ (पुढच्या वर्षांची) ४२,०००, घरभाडं वेगळं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची जेआरएफ आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची पीएचडी फेलोशिप आहे, आणि त्यांचं मुख्यालय आपल्या नागपुरातच. पैसे दर महिन्याला वेळेवर पडतील असं मात्र समजू नका, हाताशी थोडी शिल्लक ठेवा. त्रिवेंद्रमचं पब्लिक हेल्थ शिकवणारं अच्युत मेनन सेंटर, मुंबईचं लोकसंख्येचा अभ्यास करणारं आयआयपीएस इथली पीएचडी बाहेर कोणी खाली मान घालून सांगत नाही.

शेवटचं म्हणजे मेल, कारण या फॉरवर्डच्या खालीच कोणीतरी ‘शंभर प्रोफेसरांना मेल टाका, एक तरी लागेल’ असं जोडलंय. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड रिसर्च’ हा मेल तिकडे रोज येतो आणि रोज डिलीट होतो. त्यापेक्षा पाचच जणांना आठ ओळी लिहा: तुमच्या सिकलसेलच्या पेपरमध्ये तपासणीनंतर लोक परत येत नाहीत असं दिसतं, मी भिवापूर तालुक्यात आशाताईंबरोबर तेच बघितलं, लोक का येत नाहीत याबद्दल माझा अंदाज असा असा आहे, हा प्रश्न तुमच्याकडे पुढे न्यायचाय, सोबत दोन पानी सीव्ही. आणि शेवटच्या ओळीत न लाजता विचारा, पुढच्या वर्षी पगाराची किंवा फंडिंगची जागा आहे का, नसेल तर कुठल्या स्कॉलरशिपसाठी तुम्ही माझं नाव पुढे कराल. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी चालतं, एका अर्जाची फी वाचली.